बरां, मगे?

बुधवारच्या बैठकीत माझा आलेख भिंतीवर होता
आणि आम्ही सहा जण "पण" म्हणत होतो.
पण तापमान. पण नमुने फक्त नऊ.
पण हे पुण्यात कुणीतरी करून सोडलंय.
इतका हाताळलेला शब्द,
परळच्या पुलाच्या कठड्यासारखी त्याला चकाकी आलेली.

तातू परब धुतलेल्या काचा घेऊन दारात थांबले होते.
दिवसा ते आमचा ऑटोक्लेव्ह सांभाळतात,
रात्री, कुणी बोलावलं तर, राक्षस होतात.
म्हणाले, "शनिवारी भांडुपाक येवा. दशावतार आसा."

पडद्यामागे पत्र्याची पेटी, काजळ, पिवळी भुकटी.
मालकांनी गोष्ट सांगितली, चहा निवायच्या आत:
तू मागायचं, तू नाही म्हणायचं, पहाटे युद्ध.
"आणि संवाद? लिहिलेले कुठे आहेत?"
मी विचारलं, जशी कृतीची वही मागावी.
तातू भुवई रंगवत होते,
आरशातूनच हसले.

दुसऱ्या प्रवेशात राजाच्या गदेचा गोळा निखळला,
घरंगळत पायपेटीपाशी गेला.
राजा म्हणजे नेरूरचा बावीस वर्षांचा पोरगा, दिवसा कुरिअर वाटणारा,
हातात नुसता दांडा.
ती शांतता मला ओळखीची होती:
सेंट्रिफ्यूज मध्येच बंद पडतं, तेव्हाची.

राक्षसानं गोळा उचलला, कानाला लावला.
"राजा, तुझी गदा काहीतरी बोलते आहे. ऐक."
आणि दिला त्याच्या हातात.
पोरानं ऐकलं. खरंच ऐकलं, इतका वेळ की
पखवाजवाल्यानं बोटं उचलून धरली.
"म्हणते, याच्या डोक्यात पडले असते,
पण याला डोकं कुठाय?"
मंडप कोसळला हसून.
थाप पडली नेमकी त्या "कुठाय"वर.

स्वतःला हाणायचं हत्यार
तातूंनीच त्याच्या हातात दिलं होतं.

चार वाजता, रंग पुसताना, मला म्हणाले,
"समोरचो काय बोलता, ता आधी आयक.
तुजा वाक्य मागसून येतला."
एवढंच. मग विडी शोधू लागले.

शब्द एकच आहे दोघांकडे, प्रयोग.
त्यांचा पुन्हा तसाच होत नाही, म्हणून खरा.
आमचा पुन्हा तसाच झाला नाही, तर खोटा.
हे मला घरी जाताना रिक्षात सुचलं
आणि अजून त्याचं काय करायचं ते कळलेलं नाही.

सोमवारी अकराव्या बशीत बुरशी होती.
तिच्याभोवती जीवाणू मेले नव्हते, सरकले होते,
अदबीनं, पंगतीत जागा करून द्यावी तसे.
नर्गिस मॅडम म्हणाल्या, फेकून दे.
मी बशी कानाला लावली.
(हो, वेड्यासारखी. हेरंबनं फोटो काढलाय.)
त्यानं तोंड उघडलं, "प..." पर्यंत आला,
गिळला. बराच वेळ लागला गिळायला.
मग म्हणाला, "बरं. मग?"

दीडपर्यंत फळा भरला.
कुणाचं वाक्य कुणाच्या हातून पूर्ण झालं, आता सांगता येणार नाही.
मॅडमनी चपला काढून स्टुलावर पाय घेतले होते,
आणि सगळ्यात अचाट कल्पना त्यांचीच होती.

मंगळवारी "पण"ला परत बोलावलं.
त्याचीही एंट्री असते, फक्त पहिल्या अंकात नाही.
सतरापैकी चौदा कल्पना दुपारपर्यंत मेल्या,
दोन गणपतीपर्यंत तगल्या.
एक आहे अजून. खरी आहे का, माहीत नाही.

तातू काचा घेऊन येतात,
बशीकडे बघतात, माझ्याकडे बघतात:
"बरां, मगे?"

मी गप्प असते.
तिची पाळी आहे.